निरोप पूर्ण केल्याविना

याकूब,

परवा तुझ्या नावाचं कार्ड आलं. म्हणजे तुझ्या नव्या नावाचं. पोस्टमन दारात उभा राहून विचारत होता, "यशवंत कोण तुमच्याकडे?" माझी माय म्हणाली, "नाई बाप्पा, असा कोणी नाई आमच्यात." मी आतून ऐकलं आणि धावत येऊन कार्ड घेतलं. पत्ता मीच लिहून दिला होता, माझ्या मार्फत. पिंजाऱ्यांच्या गल्लीत यशवंतच्या नावाचं पत्र कुणाच्या दारी गेलं असतं? कार्डावर दोनच ओळी आहेत. नाटक कंपनीचा तंबू पुढच्या आठवड्यात वणीला लागेल, तिथे हजर व्हावं. जासुदाचं काम पक्कं.

तुला जाऊन त्या दिवशी अकरा दिवस झाले होते.

ते कार्ड दोन दिवस माझ्या वहीत पडून राहिलं. आज सकाळी तुझ्या घरी नेऊन वाचून दाखवलं. तिथे काय झालं ते तुला सांगायचं आहे, पण ते एकदम सांगता येत नाही. आधी मागचं सांगावं लागेल. त्यातलं बरंच तुला माहीत आहे. एकच गोष्ट माहीत नाही, आणि ती मी तुझ्यापासून शेवटपर्यंत लपवली.

मी कॉलेजला निघालो तो दिवस तुला आठवत असेल. घाटंजीच्या मोटार स्टँडवर माझा बाप आला नव्हता, कापसाच्या जिनिंगमध्ये त्याची हमालीची पाळी होती. तू आला होतास, डोक्यावर रजई घेऊन. स्वतः पिंजलेला कापूस, तुझ्या अम्मानं घातलेले टाके. ती माझ्या हातात कोंबून तू म्हणालास, "यवतमाळची थंडी बेकार असते बे." मी रडायच्या बेतात होतो. आमच्या घरात कुणी शाळेच्या पुढे गेलेलं नव्हतं. मी म्हटलं, "मले नाही जमणार याकूब. तिथं सगळे मोठ्या घरचे हायेत." तू जवळ येऊन, कुणाला ऐकू जाऊ नये अशा आवाजात म्हणालास, "कॉलेजबी नाटकच हाय. समजलं नाई तरी मान हलवाची. अन् नजर खाली नाई टाकाची. खाली टाकली का मेला."

त्या एका वाक्यावर मी पहिलं वर्ष काढलं. खरंच सांगतो. वर्गात निम्मं कळत नसे, मी मान हलवत असे. मेसमध्ये मी पानी मागितलं तेव्हा सगळी पंगत हसली. मी नजर वर ठेवली आणि दुसऱ्या दिवशी पाणी मागितलं. तीन महिन्यांत माझी जीभ बदलली. तुझी रजई अजून माझ्या खाटेवर आहे. एका टाक्यातून कापूस बाहेर येतो. मी तो रोज बोटाने आत ढकलतो.

गणपतीत आपल्या मंडळाचं नाटक झालं. तू जासूद होतास. एकच प्रवेश, आणि त्यात धावत येऊन, निरोप सांगून मरायचं. लोक मात्र तुझ्यासाठीच थांबले होते. जवळच्या माणसाला सांगावं इतकं हळू तू बोलत होतास आणि मागच्या झाडावर बसलेल्या पोरांनाही ते ऐकू जात होतं. तंबूची जागा बघायला आलेला नाटक कंपनीचा मॅनेजर समोर खुर्चीवर बसला होता. नाटक संपल्यावर तो रंगपटात आला. तुझ्या चेहऱ्यावर अजून रंग होता.

"आवाज आहे तुमच्यापाशी," तो म्हणाला. "छातीतून येतो. असा आवाज शिकवून येत नाही. पण जीभ धुवून घ्या."

"म्हणजे कसं जी?"

"ते वाक्य म्हणा पुन्हा."

तू म्हटलंस, "महाराज, क्षनभर थांबा. माझे प्रान कंठाशी आले आहेत, पन निरोप पूर्न केल्याविना मी मरनार नाही."

त्याने बोटांवर मोजून दाखवलं. "पाच ण होते. पाचही मेले. पुण्या-मुंबईकडे असं बोललात तर लोक तुमच्या मरणावर हसतील. थंडीत आमचा तंबू यवतमाळला असेल. तेव्हा या. पाच ण घेऊन या."

तो गेला आणि तू लगेच माझ्याकडे वळलास. "काय बे कॉलेज, तुले येते का तो ण?"

मी म्हटलं, "येतो ना." मला तो येऊन वर्षही झालेलं नव्हतं.

मी दर शनिवारी घरी यायचो आणि आपण तुमच्या छपरामागच्या कोरड्या विहिरीवर जायचो. विहिरीची कल्पना माझीच होती. आमच्या प्राध्यापकांनी वर्गात सांगितलं होतं की आवाज परत येईल अशा जागी म्हणून बघावं, म्हणजे आपली चूक आपल्याला कळते. मी ते जसंच्या तसं तुला आणून दिलं. तू काठावर पालथा पडून, मान आत घालून म्हणालास, "पाणी." आतून आलं, "पानी."

तू मान वर काढलीस. "आयकलं का? विहीरबी वऱ्हाडीच हाय."

मी इतका हसलो की मला काठावरून मागे सरकून बसावं लागलं. अम्मा मात्र हसली नाही. ती दारातून म्हणाली, "खाली बावडी में आवाज नको दिऊ रे. वो रख लेती." तू म्हणालास, "काय ठेवते अम्मा, ती तर परत देते." ती म्हणाली, "देती नै. उसका देती. तेरा रख लेती." मी तेव्हा कॉलेजच्या मुलासारखा हसलो होतो. आता ते शब्द मला वर्गात मध्येच ऐकू येतात.

ण शिकलास तेव्हा नवीच पंचाईत झाली. तो तुला इतका आवडला की तू सगळीकडे लावायला लागलास. नाकाचं णाक झालं, कानाचा काण. एकदा तू म्हणालास, "माह्या मणात काय हाय सांगू का?" मी म्हटलं, "मण नाही रे, मन." तू वैतागलास. "मंग मण काय असते?" मी नियम शोधत बसलो. मला नियम माहीत नव्हता, मी फक्त ऐकून ऐकून शिकलो होतो. तुझा हात कापूस पिंजायच्या पिंजणीच्या ताणलेल्या तांतीवर होता. ती एकदा छेडून तूच म्हणालास, "कळलं. जे तराजूत जाते ते मण. जे जात नाई ते मन." अब्बा कोपऱ्यातून म्हणाले, "अब्बी ये पोरगा ग्राहक को दो मन रुई देंगा और बोलेंगा, तोलना मना है."

तुमच्या घरात सगळेच खोकायचे. कापसाची बारीक लव तुमच्या पापण्यांवर बसलेली असायची, भुवयांवर, कपाच्या कडेवर. म्हणून तुझ्या खोकल्याकडे कुणी पाहिलं नाही. मीही नाही. मग एका शनिवारी विहिरीच्या काठच्या दगडावर मला लाल डाग दिसला. मी विचारलं. तू म्हणालास, "पान खाल्लं." तू कधी पान खात नव्हतास. आवाजाला वाईट म्हणून चहासुद्धा सोडला होतास. मला हे माहीत होतं आणि तरी मी "बरं" म्हणालो.

तुझा आवाज बसायला लागला तेव्हा तू स्वतःच घाबरलास. रक्ताला नाही, आवाजाला. "मॅनेजर काय आयकन, घसा का शिट्टी?" म्हणून आपण यवतमाळला डॉक्टरकडे गेलो. मी माझा धुतलेला शर्ट घातला होता आणि खिशाला पेन लावलं होतं. डॉक्टरांनी तुझी छाती तपासली, बराच वेळ तपासली. मग त्यांनी तुला बाहेर बसायला सांगितलं. माझ्या पेनाकडे पाहून विचारलं, "कॉलेजात ना?" मी हो म्हटलं, आणि ते माझ्याशी इंग्रजीत बोलायला लागले. भरभर, एका शिकलेल्या माणसाशी बोलावं तसं. मला दोन शब्द कळले, रेस्ट आणि मिल्क. मी मान हलवली. नजर खाली टाकली नाही.

याकूब, तू शिकवलेलं नाटक मी त्या दिवशी इतकं चांगलं केलं की डॉक्टरांना शंकासुद्धा आली नाही. एकदा "सर, मराठीत सांगा" म्हटलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं. ते वाईट गृहस्थ नव्हते. त्यांनी एक चिठ्ठी लिहून माझ्या हातात दिली, "यात सगळं आहे, तसं करा."

बाहेर पायरीवर तू विचारलंस, "काय लिवलं बे?"

मी चिठ्ठी उघडली. अक्षर लागत नव्हतं, आणि लागलं तिथे शब्द माहीत नव्हते. तू माझ्या तोंडाकडे बघत होतास. घाटंजीत सगळे म्हणायचे, हमालाचं पोरगं इंग्रजी वाचते. तूच सगळ्यात जास्त म्हणायचास. मी म्हटलं, "आराम कर. दूध पी. बोलणं थोडं कमी ठेव."

"थोडं म्हंजे किती?"

"थोडं म्हणजे... थोडं."

"मंग सकाळचं ठेवतो, संध्याकाळचं सोडतो," तू म्हणालास आणि खुशीत माझ्या पाठीवर थाप मारलीस. चिठ्ठी तू अम्माला दिलीस, तिनं ती पत्र्याच्या पेटीत ठेवली. पण त्याआधी एस. टी. च्या मागच्या बाकावर, तू डुलक्या घेत असताना, मी तिच्यातल्या न कळलेल्या तीन-चार ओळी वहीत उतरवून घेतल्या. एकेक अक्षर, चित्र काढावं तसं.

कॉलेजच्या लायब्ररीत मोठी डिक्शनरी आहे. मी चार दिवस तिथे बसलो. एक शब्द सापडेचना. तो कानाला हेमरेज असा लागेल हे मी जुळवलं होतं, म्हणून एच-ई मध्ये शोधत होतो. उतरवताना माझ्याकडून एचनंतरचा ए सुटला होता. शुक्रवारी लायब्रेरियनने विचारलं, "काय शोधतोस एवढं?" मी वही दाखवली. त्यांनी दहा-बारा पानं मागे उलटली आणि बोट ठेवलं. रक्तस्राव. मग मी बाकीचे शब्द त्यांनाच विचारले. लाज वाटायची ती वाटून गेली होती. छातीत जुनी जखम, त्यातून रक्तस्राव. बोलणं पूर्ण बंद. ताबडतोब नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात न्यावं.

लायब्रेरियन म्हणाले, "कुणाची चिठ्ठी आहे ही?" मी म्हटलं, "एका ओळखीच्याची." एका ओळखीच्याची, असं म्हणालो मी.

शनिवारी घाटंजीच्या मोटारीत मी सबंध रस्ता मनात घोकत आलो. याकूब, मी तुला चुकीचं सांगितलं. मला वाचता आलं नव्हतं. आज निघायचं, नागपूरला. तुमच्या गल्लीत वळलो तर तांत वाजत नव्हती. त्या गल्लीत ती दिवसाची कधी बंद नसते. मला वाटलं, झालं. मी धावतच छपरात शिरलो. अब्बा तांतीवर मारायचा लाकडी दस्ता मांडीवर ठेवून स्वस्थ बसले होते आणि कान मागच्या दाराकडे लावला होता. अम्मा दारात उभी, हाताला पीठ. आणि विहिरीवरून तुझा आवाज येत होता.

"महाराज, क्षणभर थांबा. माझे प्राण कंठाशी आले आहेत, पण निरोप पूर्ण केल्याविना मी मरणार नाही."

पाचही होते. एकही मेला नव्हता. आणि ते शिकवल्यासारखे वाटत नव्हते, जन्मापासून तुझ्या तोंडात असल्यासारखे वाटत होते. तू वळून मला पाहिलंस. "बोल ना बे कॉलेज. आता?"

मी म्हटलं, "पाचही."

तू खाली बसलास, दगडावर, आणि म्हणालास, "आता मले कोणी नाई विचारणार, तू कुठला म्हणून." इतका आनंदी माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता, आणि तुझ्या ओठाच्या कोपऱ्यात बारीक लाल रेघ होती. मॅनेजरपुढची परीक्षा सोमवारी होती. मध्ये एक रविवार. मी मनाशी म्हटलं, सोमवार होऊ दे, मग सांगतो.

हे मी विसरलो नव्हतो. न सांगायचं मी ठरवलं होतं. मला तुला हेच सांगायचं होतं.

सोमवारी यवतमाळला मॅनेजरने डोळे मिटून ऐकलं. दुसऱ्यांदा म्हणायला लावलं, तिसऱ्यांदा लावलं. प्रत्येक वेळी मी तुझ्या ओठाच्या कोपऱ्याकडे बघत होतो. मग त्याने डोळे उघडले. "नाव काय म्हणालात?"

"याकूब."

"पाटीवर यशवंत लिहू. चालेल?"

तू लगेच म्हणालास, "चालते." त्याला म्हणालास ते एक वेळ ठीक, पण इतक्या लगेच?

परतीच्या मोटारीत आपलं भांडण झालं. मी म्हटलं, "नाव बदलून कुणी मोठा होते का?" तू म्हणालास, "सगळेच तं होतात." मी म्हटलं, "अब्बाला काय सांगशील?" तू माझ्याकडे वळलास. मग म्हणालास, "एक सांग. तू यवतमाळात 'मला' म्हणतो अन् घाटंजीत 'मले'. कोणत्या वळणावर बदलते बे तुही भाषा? तू जीभ बदलली तं शिक्षण, अन् म्या नाव बदललं तं पाप?"

मी तरी नावावरूनच बोलत राहिलो. पण खरं सांगू, मी नावावरून चिडलो नव्हतो. सोमवार होऊन गेला होता आणि आता मला चिठ्ठीचं सांगायला हवं होतं. भांडण चालू असेपर्यंत ते सांगावं लागणार नव्हतं. म्हणून मी ते लांबवत राहिलो. तू घाटंजीला उतरलास तेव्हा आपण एकमेकांशी बोललो नाही. दुसऱ्या दिवशी पहाटेच्या मोटारीने मी यवतमाळला गेलो. पुढच्या शनिवारी अभ्यासाचं कारण काढून घरी आलो नाही.

त्यानंतरच्या मंगळवारी निरोप आला. मी आलो तेव्हा तुला न्यायची तयारी झाली होती. सगळ्यांबरोबर मीही तीन मुठी माती दिली. तिसरी मूठ उघडेना. अब्बांनी माझी बोटं एकेक करून सोडवली.

नंतर अम्मानं सांगितलं की तू दुपारी रजई पिंजत होतास, मध्येच उठलास आणि भिंतीला टेकून बसलास. तुझ्या शर्टावर रक्त होतं. "पाणी" म्हणालास. अम्मा माझ्याकडे न बघता म्हणाली, "आखरी का पानी भी तेरे कॉलेजवाला मांग्या. हमारा नै मांग्या." तेव्हापासून मी पाणी मागायचं टाळतो. स्वतः उठून घेतो.

आता आजचं सांगतो.

मी गेलो तेव्हा अब्बा काम करत होते. मी अम्माला कार्ड वाचून दाखवलं. यशवंत म्हणजे तूच, हेही सांगितलं. ती म्हणाली, "मालूम है. उसने बोल्या था." म्हणजे तू त्यांना सांगितलं होतंस. त्याच दिवशी, मोटारीतून उतरल्यावर. मला वाटलं होतं तू लपवशील. लपवणारा मी होतो.

मग तिनं पेटी उघडली आणि ती चिठ्ठी माझ्यापुढे धरली. "ये भी पढ. उस दिन तूने थोडाच पढ्या था."

मी चिठ्ठी घेतली. मला वाटलं असतं तर अजूनही आराम आणि दूध म्हणता आलं असतं. तिला कोण सांगणार होतं? मी आधी इंग्रजीत वाचली, सगळी, डॉक्टरांच्या सहीपर्यंत. मग मराठीत सांगितली. छातीत जखम. रक्तस्राव. बोलणं पूर्ण बंद. ताबडतोब नागपूर. तांत थांबली.

"उस दिन भी येच लिखा था?"

"हाव, अम्मा."

"तो बोल्या काहून नै?"

"मले वाचता नाई आलं," मी म्हणालो. "अन् वाचता येत नाई, हे सांगता नाई आलं. मंग चार दिवसांनी समजलं. तेव्हाबी सांगतलं नाई."

माझी नजर खाली होती. तू काहीही म्हण, ती वर ठेवता येत नव्हती.

चिठ्ठी तिनं माझ्या हातातून घेतली, तिच्या घड्या होत्या तशाच घातल्या आणि कार्डाबरोबर पेटीत ठेवली. मला वाटलं आता ती म्हणेल, जा, पुन्हा येऊ नको. मला ते ऐकायचंही होतं. ती म्हणाली, "अंग्रेजी छोडू नको. पर अधूरी मत सीख. पूरी सीख."

अब्बांनी पुन्हा दस्ता उचलला. मी मागच्या दाराने निघालो, कारण पुढच्या दाराने अब्बांच्या समोरून जावं लागलं असतं.

विहिरीपाशी पाय थांबले. काठावरचा डाग कुणीतरी धुतला आहे. मला वाटलं, एकदा आत वाकावं आणि तुझा शब्द म्हणावा, पाणी. तू जाईपर्यंत चार महिने ही विहीर रोज तुझंच ऐकत होती. मी काठाला हात लावला आणि वाकलो नाही. अम्मा म्हणाली होती, ती आवाज ठेवून घेते. विहीर नेहमीसारखं पानी म्हणाली असती तर मी हसलो असतो की रडलो असतो, माहीत नाही. पण तिने तुझ्या आवाजात बरोबर ण म्हटला असता तर मी काय केलं असतं, याकूब?